पुढे येणारी खिडकी

ते दुष्काळाचे वर्ष होते आणि तालुक्यात नव्या जिल्ह्याची चर्चा जोरात होती. नांदेड भागातल्या एका कचेरीतल्या संगणकांसाठी आम्ही मराठी कार्यप्रणाली तयार करत होतो. पडद्यावरच्या खिडक्यांनी कसे वागावे, हे ठरवणे माझ्याकडे होते. नवी खिडकी उघडली की ती आपोआप पुढे यावी, असे मी ठरवले. महत्त्वाचे काही झाकले जाऊ नये, एवढाच विचार होता.

टँकरच्या मागण्या नोंदवणाऱ्या बाई टायपिंगच्या क्लासात तयार झालेल्या होत्या. त्यांची नजर कागदावरून हलत नसे. एका दुपारी त्या एका तांड्याची मागणी टाइप करत असताना नव्या जिल्ह्याची माहिती मागणारी खिडकी मध्येच पुढे आली. उरलेली अक्षरे तिच्यात गेली. बाईंनी एन्टर दाबले, ती खिडकी मिटली आणि मागणी नोंदलीच गेली नाही. अर्जावर मात्र त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली.

पाचव्या दिवशी तांड्यावरची म्हातारी आली. "टँकर न्हाई आला, बाई. तुम्ही तर माझ्यासमोर लिवलं."

"लिहिलं की, मावशी. ही खूण बघा."

संगणकात ती मागणी नव्हतीच; बाईंनी ती पुन्हा नोंदवली आणि टँकर दुसऱ्या दिवशी गेला. चूक माझ्या खिडकीची होती हे कळल्यावर, नवी खिडकी मागेच उघडेल, अशी दुरुस्ती मी केली आणि बाईंना तसे दोनदा सांगितले.

"हाव सर," त्या म्हणाल्या.

तरी त्या प्रत्येक शब्दानंतर मान वर करून पडदा पाहत राहिल्या. त्यांच्यासमोर अर्जांचा गठ्ठा वाढत गेला.