देवीचे डोळे कोणी उघडायचे

"हे चित्र नव्हे, मिठाईचा डबा आहे." दुसऱ्याचं चित्र पाहिलं की शेजारचे चित्रकार एवढंच म्हणायचे. म्हैसुरात माझं फ्रेमचं दुकान. सोनं थापलेली, खडे चिकटवलेली बाजारू चित्रं माझ्याकडे आली की हे दारात उभे राहून त्यांची लाज काढणार, गिऱ्हाईक समोर असलं तरी. असा शेजारी तुमच्याही नशिबी असेलच.

आमच्यासारखेच मराठी, मूळचे रंगारी. त्यांच्या घरानं कापड सोडून देवादिकांची चित्रं धरली. सोन्याचा वर्ख, पातळ उठाव, केसाएवढी रेघ. काम बापजाद्यांचं होतं, आणि घमेंड सगळ्या बापजाद्यांची मिळून यांच्या एकट्याकडे.

म्हातारपणी त्यांचा हात कापायला लागला. चित्र सगळं त्यांची मुलगी सरोजा करायची. पण सर्वांत शेवटी बुबुळं रंगवायची, म्हणजे देवीचे डोळे उघडायचे, ते घरातल्या मोठ्यानं. हा मान काही यांना सोडवेना. परिणाम काय, तर गावभर तिरळ्या लक्ष्म्या. उघडलेल्या डोळ्यांना पुन्हा ब्रश लावायचा नाही, हाही त्यांच्या घरचा नियम. एक सरस्वती तर एक डोळा वीणेवर आणि दुसरा माझ्या गल्ल्यावर ठेवून बसली होती. मी तसं बोललो तर म्हणाले, "फ्रेमवाल्यानं काच बघावी. अष्टे, एवढंच."

गिऱ्हाइकं तोंडावर बोलत नसत, फक्त पुन्हा येत नसत. जयलक्ष्मीपुरमच्या एका बाईंनी मात्र लेकीच्या लग्नात द्यायची लक्ष्मी सरळ परत पाठवली. नवीही तशीच निघाली असती तर सरोजा साडीच्या दुकानात नोकरी धरणार होती, आणि तिच्यामागे त्या घरात ब्रश धरणारं कुणी नव्हतं. हे अख्ख्या गल्लीला दिसत होतं, यांना सोडून. मला त्यांचा राग यायचा. अजून येतो.

सरोजानं नवी लक्ष्मी केली. हे टी. नरसीपूरला संगमावर स्नानाला गेलेले आणि बाईंची लग्नघाई. ती चित्र घेऊन माझ्याकडे आली तेव्हा डोळे उघडलेले होते. सरळ, शांत. मी काच पुसतोय तोच हे बसमधून उतरून थेट दारात.

चित्राला नाक लागेल इतके वाकून त्यांनी पाहिलं.

"कोणी उघडले?"

"मीच, अप्पा."

आता जीभ सुटणार म्हणून मी काच बाजूला ठेवली. त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले. दुसऱ्या कुणाच्या चित्रापुढे त्यांचे हात जुळलेले मी कधी पाहिले नव्हते. मग म्हणाले, "नाक थोडं जाड झालंय. डोळे, नोडु, हे बघ, इथून पुढं तूच उघड. मला जमत नाही आता."

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत, आणि उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, आतच गेले. मला ते दिसतात त्या दुपारचे. तापलेल्या रस्त्यावरून अनवाणीच चाललेत, सरोजा त्यांच्या चपला हातात घेऊन मागे धावतेय, आणि डोळे तिच्यादेखत पुसायचे नसल्यानं ते काही थांबत नाहीत.