कार्टूनमधला तलवारबाज आणि माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ उन्हाळ्यात अकोल्याला माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याचा खालचा जबडा डावीकडून काढलेला होता. पहाटे अमरावतीच्या फुलबाजारात बसायचं आणि झोप उडावी म्हणून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचा, अशी बरीच वर्षं गेली होती. नागपूरला ऑपरेशन झालं. पुढचा शेक, म्हणजे रेडिएशन, अकोल्यात घ्यायचं ठरलं, कारण दवाखाना माझ्या घरापासून जवळ होता. भावजयीला आमचं गाव, वलगाव, सोडता येत नव्हतं. आई मांडीचं हाड मोडून अंथरुणावर होती, आणि झेंडूला, वांग्यांना पाणी द्यायला दुसरं कुणी नव्हतं. शाळेला सुट्ट्या होत्या म्हणून भाऊ आपल्या सहा वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन आला.

सोबत आपलं म्हणायचं. ऑटोतून उतरली ती माझ्या पदराला येऊन चिकटली आणि बापाकडे तिनं पाहिलंही नाही. भावजयीनं फोनवर सांगितलं की ऑपरेशननंतर तो दार लोटून स्वतःच पट्टी बदलत असताना पोरीनं त्याचं तोंड पाहिलं आणि ओरडत शेजारच्या घरी पळाली. तेव्हापासून तो काळा दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळून असायचा. झोपतानाही. अकोल्याचा मे महिना, कूलर समोर, तरी त्या कापडाखाली त्याला घाम सुटायचा. लाळ आवरायची नाही, कापड ओलं व्हायचं.

मी म्हणायचे, "घरात तरी काढ ना. मी काय परकी हाव?"

तो मान हलवायचा. नळीतून पातळ जेवण घ्यायची वेळ झाली की खोलीचं दार लावून घ्यायचा. त्याचं बोलणं आता फुटकं यायचं. शब्दांतले निम्मे आवाज गळून गेलेले. मला सवयीनं कळायचं. मुलगी ऐकायला थांबतच नसे.

एके दिवशी दुपारी त्यानं मला हातानं बोलावलं आणि मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक काळा मुखवटा घातलेला तलवारबाज घोड्यावरून चालला होता. मी त्याच्या शेजारी बसले.

आमच्या लहानपणी वलगावात टीव्ही शेजाऱ्यांकडे होता. आई देवपूजेसाठी फुलांची पुडी बांधून द्यायची, ती आम्ही नेऊन द्यायचो आणि तिथंच दारापाशी बसून राहायचो. हे कार्टून तिथं पाहिलेलं. कुठल्याशा जुन्या परदेशी गोष्टीवरून जपानमध्ये काढलेलं, हे फार पुढे कळलं. आमच्यासाठी ते हिंदी बोलणारं होतं, एवढंच. माणसांचे डोळे बशीएवढे, घोड्यांच्या शेपट्या वाऱ्यावर, आणि शिपाई एकमेकांना "हुजूर, हुजूर" करायचे. त्यातला नायक दिवसा भित्रा, वेंधळा. पायात पाय अडकून पडायचा, आणि लोक हसायचे. त्याच्यावर जीव असलेली मुलगीसुद्धा त्याला नावं ठेवायची. कुठं जुलूम झाला की हाच मुखवटा चढवून, तलवार घेऊन यायचा. बाकी पोरं तलवारीसाठी पाहायची. भाऊ मात्र तो पडला की हसायचा नाही. "त्याले सगळं येते," तो मला हळूच सांगायचा, "तरी हसू देते लोकाईले."

कुणीतरी ते सगळे भाग आता मोबाइलवर टाकले होते. आम्ही दोघं कूलरसमोर पाहू लागलो. चित्रं फिकट, आवाज घोगरा. भावाला संवाद तोंडपाठ होते. पुढचं वाक्य यायच्या आधी तो बोट वर करायचा.

मुलगी आधी स्वयंपाकघराच्या दारातून बघायची. मग पाण्याचा माठ होता तिथवर आली. मग एक दिवस माझ्या पलीकडे येऊन बसली, बाप एका बाजूला, ती दुसऱ्या, मधे मी.

"आत्या, तो तोंडाले काऊन बांधते?"

मी काही म्हणायच्या आत भाऊ बोलला. त्याचं बोलणं मला तिला पुन्हा सांगावं लागलं. "लोकाईले ओळखू येऊ नाई म्हणून."

तिनं विचार केला. पडद्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"पण त्यानं डोळे झाकले हाय. बाबानं उलटं झाकलं."

दुपट्ट्याच्या वर भावाचे डोळे बारीक झाले. तो हसत होता.

त्या दिवसापासून तिचे प्रश्न सुरू झाले. बाबा रोज ऑटोत बसून कुठं जातो, तिथं काय करतात. खरं सांगायचं तर तिथं जे करत होते त्याची भावाला धास्ती होती. शेक देताना डोकं जराही हलू नये म्हणून पांढऱ्या प्लास्टिकची एक सपाट जाळी गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर दाबली होती. गार झाल्यावर तिचा त्याच्या चेहऱ्याचा साचा झाला. रोज तो साचा चढवून टेबलाला खिट्ट्यांनी पक्का करायचे आणि सगळे खोलीबाहेर जायचे. पहिल्या दिवशी परत येताना ऑटोत त्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. पण मुलीला त्यानं सांगितलं, "मले बी तिथं मुखवटा देतेत."

"आन् तलवार?"

"मशीनीत हाय. दिसत नाई."

तिला ते पटलं. संध्याकाळी तो दवाखान्यातून आला की ती विचारायची, आज किती जणाईले मारलं. तो थकून आडवा पडलेला असायचा, गळ्याची कातडी भाजून काळी पडलेली. तरी बोटं वर करून दाखवायचा.

शेक संपले त्या दिवशी दवाखान्यातल्या माणसानं विचारलं, साचा नेता की टाकून देऊ? बहुतेक जण पुन्हा त्याचं तोंडही पाहत नाहीत म्हणे. भावानं तो पिशवीत घालून घरी आणला आणि मुलीच्या मांडीवर ठेवला.

तिनं तो तोंडाला लावून पाहिला. मोठा होत होता. मग जमिनीवर ठेवून ती त्याच्यावरून बोट फिरवू लागली. कपाळ, नाक, उजवा गाल. डावीकडे बोट एकदम खाली गेलं, जिथं गाल असायला हवा तिथं खोलगट होतं.

"इथं खड्डा काऊन हाय?"

भावाचा हात दुपट्ट्याकडे गेला.

तिनं परत तिथं बोट फिरवलं, दोनदा, तीनदा. मग म्हणाली, "बाबा, तुया कापडाच्या आत असंच हाय?"

त्यानं मान डोलावली.

ती उठून त्याच्याजवळ गेली आणि दुपट्टा खाली ओढला. भावानं डोळे घट्ट मिटून घेतले. मला वाटलं आता ही ओरडणार, आणि हा पुन्हा उभा राहायचा नाही. ती नुसती बघत राहिली. मग बोट साच्यावर फिरवलं तसंच त्याच्या गालावर फिरवलं, आणि दुपट्ट्याच्या टोकानं त्याची हनुवटी पुसली.

"भेव नाई वाटत," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरात निघून गेले.

पुढे वलगावला गेल्यावरही तो फक्त मुलीसमोर कापड काढायचा. ते दोघं खोलीत बसून कार्टून बघायचे. भावजय दारावरून गेली की तो दुपट्टा वर ओढायचा. तिनं एकदा मला विचारलं होतं, "बाई, मी काय केलं?" बायकोला आपला पूर्वीचाच चेहरा आठवावा, असं त्याला वाटत असावं. मी त्याला कधी विचारलं नाही.

पावसाळ्यात त्यानं दसऱ्यासाठी झेंडू लावला. झाडं कमरेएवढी झाली तेव्हा त्याच्या मानेत नवी गाठ आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि घरी न्या म्हणाले. दसऱ्याची फुलं भावजयीनं आणि मी तोडली. तो खाटेवरून बघत होता. दिवाळी यायच्या आधी गेला. शेवटच्या दर्शनालाही तोंडावरचं कापड काढू नका, असं त्यानं सांगून ठेवलं होतं. आम्ही काढलं नाही.

भिंतीवर लग्नातला फोटो लागला. भरलेले गाल, कपाळावर बाशिंग. मुलगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "हा बाबा नाई वाटत." नंतरच्या चेहऱ्याचा एकही फोटो नव्हता, त्यानं काढूच दिला नव्हता. कार्टूनचे शेवटचे काही भाग पाहायचे राहिले होते. मी लावू का म्हटलं, तर ती नको म्हणाली.

साचा मात्र ती जवळ घेऊन झोपायची. त्याच्या जाळीत धूळ आणि तेल बसलं होतं. संक्रांतीला मी गेले होते तेव्हाची गोष्ट. भावजयीला वाटलं, पोरीची वस्तू आहे, स्वच्छ करून ठेवावी. तिनं चुलीवरचं उकळतं पाणी घमेल्यात ओतलं आणि साचा त्यात बुडवला. ती शेकाच्या दवाखान्यात कधी आली नव्हती, गरम पाण्यात तो परत मऊ होतो हे तिला कुठून माहीत असणार? मी अंगणातून आत येईपर्यंत नाक बसलं होतं. बघता बघता कपाळ, गाल, तो खड्डा, सगळं मिटत गेलं आणि पाण्यात एक सपाट पांढरी जाळी उरली.

भावजय घमेल्याशेजारी बसली. मग म्हणाली, "मी तं त्याईचं तोंड पाह्यलंच नाई, बाई. एवढं तरी होतं."

मुलगी शाळेतून आली. तिनं जाळी पाहिली, हातात घेतली, उलटसुलट केली. ती चिडेल असं आम्हाला वाटलं होतं. ती आईपुढे मांडी घालून बसली आणि आईच्याच डाव्या गालावर तिनं बोट ठेवलं.

"इथून सुरू होत होतं," ती म्हणाली. "मंग असं खाली. इथं शिवलेलं. इथं नरम होतं, दाबू नाई."

भावजयीनं डोळे मिटले आणि गाल तिच्याकडे वळवला.