मांडीवरची थाप

गड्याला उचलून आपटण्याच्या डावांत माझे मन कधी फारसे रमले नाही. मला ओढ होती ती खालच्या कुस्तीची. पालथ्या पडलेल्या गड्याला उलटवण्याच्या सावकाश, चिवट कामाची. त्यातही हप्ता हा माझा हातखंडा डाव. पालथ्या गड्याच्या काखेतून हात घालायचा, पंजा त्याच्या मानेवर रोवायचा आणि खांदा तसूतसूने उचलत त्याला पाठीवर आणायचे. सांधा कुठवर साथ देईल आणि कुठून पुढे नकार देईल, हे मुरलेल्या पंज्याला कळते. मला कळत असे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले ते अजाणतेपणी घडले असे कुणी समजू नये.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरातल्या एका तालमीत राहत होतो. सरावाचा माझा जोडीदार बिद्रीकडच्या एका खेड्यातला. वय, वजन, ताकद सारखी, म्हणून वस्तादांनी आम्हाला जोडीला लावले होते. चार वर्षे आम्ही एका खोलीत काढली. भाकऱ्या मी थापल्या की तो ताटाकडे बघून विचारी, "आज कुठला जिल्हा काढलायस?"

तालमीची एक रीत होती. सरावात सांधा दुखावतो आहे असे वाटले, की खालच्या गड्याने वरच्याच्या मांडीवर थाप मारायची. थाप पडली की पकड सुटलीच पाहिजे; कारण विचारायचे नाही. वस्ताद नव्या मुलाला ही रीत आधी शिकवत, डाव नंतर.

एका यात्रेच्या मैदानात आमच्या वजनाचा एकच गडी पाठवायचा होता. "सकाळी दोघं धरा. चीत करील त्यो जाईल," वस्ताद म्हणाले.

"हरलास तर आठवडाभर माझं लंगोट धुयाचं," जोडीदार मला म्हणाला.

सकाळी बराच वेळ कुणी कुणाला आटोपेना. अखेर तो खाली सापडला आणि मी हप्ता भरला. त्याचे अंग वळू लागले. पाठ मातीला लागायला चार बोटे उरली असताना माझ्या मांडीवर थाप पडली. वस्ताद पलीकडच्या बाजूला होते. त्यांना ती दिसली नाही. मला कळली, आणि तरीही मी पकड सोडली नाही. चारच बोटे राहिली होती. मग त्याचा उजवा खांदा निखळला. तो आवाज कानांच्या आधी माझ्या पंज्याला कळला.

"थाप मारायला काय झालंतं रं?" वस्ताद त्याच्यावरच ओरडले.

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. "ध्यानात आलं न्हाय, वस्ताद. माझंच चुकलं."

मी गप्प राहिलो. मैदान मी मारले, फेटाही बांधून घेतला. त्याचा खांदा बसवला, पण हात डोक्याच्या वर जाईना. महिन्याभरात तो ट्रंक घेऊन गावी गेला. एसटीपर्यंत ती ट्रंक मीच उचलून नेली, आणि वाटेतही काही बोललो नाही.

बारा वर्षांनी मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याने मला ओसरीवर बसवले आणि बायकोला हाक मारली. "ह्यो माझा जोडीदार. ह्याला पीठ दावू नगंस, नकाशं काढंल." ती हसत चहा ठेवायला आत गेली. त्याने फळीवरचा डबा उतरवला तो डाव्या हाताने.

मी म्हणालो, "त्या दिवशी तुझी थाप मला कळली होती. तरी मी श्वासभर धरून ठेवलं."

त्याने डबा ओसरीवर ठेवला. आवाजात राग नव्हता.

"दोनदा थापटलं हुतं मी," तो म्हणाला.

चहा आला. त्याने कप माझ्याकडे सरकवला आणि ऊसतोडीचे काहीबाही बोलू लागला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. मलाही धीर झाला नाही.

आता मी पन्नाशी ओलांडली आहे. कधी एकटा असलो की मांडीवर हात ठेवून ती सकाळ क्रमाने आठवतो. पहिली थाप नेमक्या जागी जाणवते. दुसरी अजून सापडलेली नाही.