मुठीतला गाळ

मूठकाका सगळ्या शहराचं सांडपाणी मुठीत घेऊन पाहत. गाळाचा गोळा दाबायचा, बोटांच्या फटीतून पाणी आलं, की "कच्चा हाये." माझा प्रयोगशाळेतला ओलाव्याचा आकडा दुपारी येई आणि तेच सांगे. हातमोजे घाला म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: "मोज्याले काय समजते, मॅडम?"

आमच्या सांडपाणी केंद्रात गाळ पिळणाऱ्या प्रेसवर ते होते. पिळण्याआधी गाळात औषध ढवळावं लागतं. मग गाळाच्या गुठळ्या होतात आणि पाणी सुटतं. सगळे जोरात ढवळत. प्रेसमधून निघालेला गाळ तरीही ओलाच राही, ट्रक रस्ताभर गळत जाई आणि वस्तीतल्या बायका आम्हाला शिव्या देत. काकांनी मिक्सर इतका मंद केला, की तो बंदच वाटे. मी नवी होते, वेग वाढवायला गेले. "हे पिठलं नाही होय, बाई," ते म्हणाले. "पिठल्यातली गुठळी मोडाची राहते, याच्यातली जपाची." ट्रक गळायचा थांबला.

पाइपच्या वळणात पांढरे खडे साचत. इतर ते फोडून फेकत. काका कुटून फाटकाजवळच्या झेंडूला घालत. मी तपासलं, तर ते खतच निघालं.

केंद्राच्या साहेबांनी दोन्ही गोष्टींचा अहवाल केला, स्वतःच्या नावाने. आकडे माझे होते. काकांचं नाव मी दोनदा लिहिलं, साहेबांनी दोनदा खोडलं. वर काकांना वयाचं कारण देऊन फाटकावर बसवलं. काकांना वाईट वाटलं ते एवढंच, "यानं प्रेसले हात तरी लावला होता का?"

मग अहवालातली पद्धत बघायला पाहुणे आले. मंद मिक्सर बंद दिसतो म्हणून साहेबांनी त्यांच्यासमोर वेग वाढवला. मी फाटकापर्यंत चालत गेले. "काका, सांगू का साहेबांना?"

"काहून? त्याहीची पद्धत हाये. त्याहीले येतच असन."

मी सांगितलं नाही. गुठळ्या मोडल्या, प्रेसची कापडं बुजली आणि कडेकडेने काळी पिचकारी उडाली ती पांढऱ्या शर्टांवर. पाहुणे तावातावाने बाहेर निघाले, तेव्हा काका रजिस्टर पुढे करत शांतपणे म्हणाले, "जायाची वेळ टाका, साहेब." न सांगितल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

साहेबांची बदली झाली. पण काकांना परत प्रेसवर घेण्याचा कागद फिरत असतानाच ते निवृत्त झाले. मागच्या उन्हाळ्यात गेले. आता केंद्र माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात ते साहेब आले. निवृत्तीनंतर गाळाचं औषध विकतात. गोड बोलले, चाचणी घेतली. गाळ बाहेर पडला तशी मी म्हटलं, "मुठीत घ्या, साहेब."

ते हातमोजे शोधू लागले. "मोज्याला काय कळतं?" मी म्हटलं. शेवटी त्यांनी गोळा दाबला. काळं पाणी मनगटावरून बाहीत गेलं.

"कच्चा आहे," मी म्हटलं. "ही पारख कोणाची, आठवतं? नाव सांगा, पुन्हा चाचणी घेऊ."

ते बराच वेळ आठवत राहिले. हातातून ठिबकत होतं. त्यांच्या डोक्याच्या वर, प्रेसवर, मी रंगवून घेतलेली वीतभर अक्षरं होती: शंकर नत्थूजी बावणे. त्यांनी मान वर केली नाही.

हात धुवायचा नळ कुठे आहे, ते मी सांगितलं नाही.