गंगू उठली नाही

चूक गावच्या सोसायटीतल्या मदतनीस कारकुनाची होती, आणि तो कारकून म्हणजे हे लिहिणारा. मॅट्रिकला दोनदा आपटून तिसऱ्यांदा निघाल्यावर त्याला अर्ज भरायचं काम मिळालं होतं. अर्ज भरण्यात आपला हात धरणारा अकोल्याकडच्या शिरपूर ते मालेगाव पट्ट्यात कोणी नाही, अशी त्याची समजूत होती.

सत्त्याहत्तरच्या खरिपात बियाण्याच्या एका कंपनीनं हायब्रीड जवारीची स्पर्धा ठेवली. एकरी उताऱ्यात पहिला आला चार एकरवाला देवमन सरकटे, दुसरे आले साठ एकरवाले नानाजी पाटील. बक्षीस असं, की दोघांनी आपापल्या बायकोसह गोव्याला जायचं आणि समुद्राकाठच्या बड्या हॉटेलात चार दिवस राहायचं. कंपनीनं दोन अर्ज पाठवले. त्यातल्या एकावर कारकुनानं दौत सांडली. मग त्यानं दोन्ही जोडपी उरलेल्या एका अर्जावर कोंबली. रकाना अरुंद होता, आडनावं मावेनात, म्हणून ती गाळून टाकली. कागद तयार झाला तो असा: देवमन, गंगू, नानाजी, प्रयागबाई, एकूण चार. कंपनीनं तो वाचला आणि हे एकच घर धरलं. ज्याचं नाव वर, तो थोरला भाऊ.

आता ही गंगू कोण, ते सांगितलं पाहिजे. गंगू देवमनची बायको, तेव्हा एकतीस वर्षांची. छप्पन साली तिच्या बापानं घरातले देव पोत्यात भरून नदीत सोडले, तेव्हा नऊ वर्षांची गंगू पोत्याचं तोंड धरून चालत होती. वाटेत पोतं उसवलं आणि एक देव खाली पडला. मोठी माणसं दचकून थांबली. गंगूनं तो उचलून परत आत टाकला आणि म्हणाली, "चाला." बहात्तरच्या दुष्काळी कामावर मुकादमानं तिचा खडीचा ढीग कमी मोजला, तर ती ढिगावर चढून बसली. दुसऱ्यांदा टेप लागेपर्यंत उठली नाही. बसणं हा तिचा जुना धंदा होता.

देवमनचा धंदा उलटा. नानाजी पाटील बौद्धवाड्यावरून जाऊ लागले की देवमन बाजेवरून उठून उभा राहायचा. न उठणाऱ्याला मारायचे दिवस संपले होते, सांगणारंही कोणी नव्हतं. पण आजा उठायचा, बाप उठायचा, गुडघ्यांना वळण पडलं होतं. पाटलाकडे कामाला गेला तर चहा मिळायचा, तोही गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या दांडी तुटक्या कपात, पिऊन आपणच विसळायचा.

"तुमचे गुडघे पाटलाच्या सातबाऱ्यावर हायेत काय?" गंगू विचारायची.

"सवय हाय वं. आपोआप उठतो."

बक्षिसाचं कळलं तेव्हा गंगूला समुद्राचं फार काही वाटलं नाही. तिनं मनात एकच ठरवलं. चार दिवसांत या माणसाचे गुडघे याच्या नावावर करून आणायचे. तिथं नाही झालं तर गावात तर होतच नाही.

अकोल्याहून रेल्वे, मुंबईहून बोट, असं करत चौघं फेब्रुवारीत हॉटेलात पोचली. नारळीच्या झाडाखाली मॅनेजर कागद घेऊन उभा.

"देवमन कौन? आप बडे भाई? सामने का रूम आपका. नानाजी, छोटे भाई, पीछे का."

नानाजी तेव्हा अठ्ठावन्नचे, मिशा पांढऱ्या. म्हणाले, "हम भाई नहीं."

"फिर कौन हो?"

देवमन आपला कोण, हे नानाजींना गावात कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि इथं सांगण्यासारखं नव्हतं.

"गाववाले," ते शेवटी म्हणाले.

"वही तो," म्हणून मॅनेजर निघून गेला.

चौघांना मिळालेल्या बंगलीला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीला व्हरांडा, व्हरांड्यात वेताच्या दोन लांब खुर्च्या आणि समोर नजर पुरणार नाही एवढं पाणी. मागच्या खोलीच्या खिडकीतून हॉटेलातल्या चादरी वाळताना दिसत.

"देवमन्या, तू मांगं जाय," नानाजी म्हणाले. "मले दमा हाय. हवा लागते."

देवमन पेटी उचलायला वाकला. गंगू एव्हाना खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन.

"अवो, पेटी खाली ठेवा. पयला नंबर कोनाचा हाय?"

"आपला."

"मंग."

"गंगे," नानाजी हळू आवाजात म्हणाले, "मले न तुले गावालेच परत जायचं हाय."

"जाऊ ना पाटील. चार दिस झाले की जाऊ."

नानाजी मागच्या खोलीत गेले. पण त्या खोलीची वाट व्हरांड्याच्या पायरीवरूनच होती. संध्याकाळपर्यंत ते सात वेळा तिथून गेले आणि देवमन सातही वेळा खुर्चीतून उठला. गंगूनं बोटांवर मोजलं. आठव्यांदा तो बसलाच नाही, खांबाला टेकून उभा राहिला. म्हणाला, उठबस करण्यापेक्षा हे बरं.

जेवायला चौघांना एकच टेबल लागलं. नानाजी अर्धी पाठ फिरवून जेवले. मासे कोणालाच नको होते, सगळ्यांनी वरणभात मागितला. तेवढ्यावर एकमत झालं.

खरा घोळ सकाळच्या चहाचा. घर एक, म्हणून किटली एक. वेटर ती पुढच्या व्हरांड्यात ठेवायचा, सोबत चार कप. नानाजींनी वेगळी मागितली, तर वेटरनं कागदाकडे बोट दाखवलं. दोन सकाळी नानाजी चहाविना राहिले. ज्या माणसाचा दिवस तीन कपांशिवाय उजाडत नाही, तो डोक्याला रुमाल बांधून वाळणाऱ्या चादरी बघत बसला.

दुसऱ्या दुपारी प्रयागबाई, नानाजींची बायको, एकटीच पुढं आली. "गंगे, समुद्र पाह्यतो जराक. त्यायले सांगू नोको."

"बसा ना बाई. खुर्ची रिकामीच हाय. आमचे मालक खांबाले टेकू देऊन राह्यले."

प्रयागबाई आधी काठावर टेकली, मग हळूहळू पूर्ण खुर्चीत गेली. देवमन गंगूच्या खुर्चीशी खाली बसला. समोर वाळूत गोरी माणसं उन्हात उताणी पडली होती.

"हे काहून पडले बाई असे?" प्रयागबाईनं विचारलं.

"फुकटचं ऊन खाऊन राह्यले. दुष्काळी कामावर दोन दिस लावा, मंग सावली हुडकतीन."

प्रयागबाई तोंडाला पदर लावून हसत होती, तेवढ्यात पायरीवर नानाजी आले. देवमन उठला. आणि त्याच क्षणी प्रयागबाईही उठू लागली. तिचे गुडघे धरलेले, लुगड्याचा काठ वेतात अडकला. एक हात खुर्चीवर, एक हात हवेत, अशी ती नवऱ्यासमोर उभं राहायची धडपड करत होती.

"पाटील," गंगू बसल्या जागेवरून म्हणाली, "तुमच्या एकट्यापाई दोन दोन मानसं उठून राह्यले. कमरा मोडतीन याइच्या."

देवमन प्रयागबाईकडे बघत राहिला. तो अडकलेला काठ, तो हवेतला हात. मग तो खाली बसला. आणि बसल्यावर म्हणाला, "बसा बाई, तुमीबी बसा."

नानाजी मागं गेले. त्या दुपारी ते पुन्हा पायरीवरून गेले नाहीत.

तिसऱ्या सकाळी किटली आली तेव्हा देवमन खुर्चीत होता. नानाजी आले, डोक्याला रुमाल. देवमनचा गुडघा हलला. गंगूनं तो पाहिला, पण हात लावला नाही. गुडघा आपणच थांबला. नानाजी थोडा वेळ उभे राहिले, मग पायरीवर बसले. प्रयागबाई त्यांच्या शेजारी बसली.

गंगूनं चार कप भरले. "कप सारखेच हायेत पाटील. कोनता कोनाचा, वळखू नाई येत."

नानाजी एक कप प्याले. मग दुसरा प्याले. पोटात चहा गेल्यावर पाटीलकी जागी झाली. कोणाचं खाल्लंप्यालं तर बोलावणं द्यावं लागतं. म्हणाले, "देवमन, गावाले गेल्यावर आमच्याइथं या चहाले. दोघंबी."

देवमन्याचा देवमन झाला होता, हे गंगूच्या ध्यानात आलं. तेवढ्यावर ती भागवणार नव्हती.

"येऊ. पन गोठ्यात नाई, वसरीत. न असेच सारखे कप पायजेत."

नानाजींनी समुद्राकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले.

परतताना मालेगावच्या स्टँडवर शिरपूरची गाडी लागायची होती. बाकावर देवमन बसला होता. गंगू नळावर पाणी भरत होती. भोवती गावातली ओळखीची आठ-दहा माणसं उभी, बड्या हॉटेलची गोष्ट ऐकायला आलेली. तेवढ्यात नानाजी पेटी घेऊन बाकाजवळ आले. गंगूनं नळ चालूच ठेवला आणि मान वळवून पाहिलं. देवमन थोडा सरकला. बाकावर हात थोपटून म्हणाला, "बसा नानाजी, जागा हाय."

नानाजी गाडी येईपर्यंत उभे राहिले. देवमन बसून राहिला. तांब्या भरून वाहत होता, तो गंगूला दिसला नाही.

तेव्हापासून पाटील समोरून गेले तरी देवमन बाजेवरून उठत नाही. त्या सालात पाटलानं त्याला कामाला बोलावलं नाही. ती मजुरी बुडाली, पण त्याबद्दल गंगू रडली नाही. तिचं लक्ष चहावर आहे. शिरपूरच्या बाजाराला जाताना ती दर वेळी पाटलाच्या ओसरीसमोर थांबते आणि रस्त्यातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "पाटील, तुमचा चहा राह्यला."

कधी दूध नासलेलं असतं, कधी साखर संपलेली असते, कधी म्हैस आटलेली असते. आतून प्रयागबाईच्या बांगड्या वाजतात, पण चहा येत नाही.

कारकून एकदा म्हणाला, "काकू, सोडा ना आता. एका चहाचं काय घेऊन बसल्या?"

"एका चहाचंच तं हाय, बाबू. दुसरं काय मांगून राह्यली मी? न तू अर्ज नीट भरत जाय, नाईतं पाटलाले अजून कोनाचा तरी भाऊ करशीन."

गेल्या महिन्यात पाटलाची म्हैस व्याली. दुधाचं कारण आता चालायचं नाही. कालच्या बाजाराला गंगू ओसरीसमोर थांबली. नानाजींनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं. गंगूनं ते सांगितलं आणि पुढं गेली.

चहा अजून राह्यलेला आहे.