खालचं पाणी

आमच्याकडे पो नदी वर आणि माणसं खाली. डोंगरातला गाळ आणून आणून तिने आपलं पात्र उंच केलं, आमच्या वाडवडिलांनी बांध वाढवले, आणि शेकडो वर्षं दोघांची ही चढाओढ चालू आहे. त्या बांधावर माझा ओर्तेन्सिओ काका चाळीस वर्षं पहारेकरी होता.

पुरात बांधाच्या अलीकडे, शेताच्या बाजूला, जमिनीतून झरे उसळतात. भोवती मातीच्या पोत्यांचं कडं करायचं, पेला थेट झऱ्याच्या तोंडाशी नेऊन भरायचा आणि उजेडात धरायचा. पाणी नितळ असलं तर बांध शाबूत. गढूळ असलं तर नदी बांध आतून पोखरतेय, घर सोडायचं. हे सगळ्यांना काकानेच शिकवलं. माझे वडील त्याला 'पाण्याचा डॉक्टर' म्हणून चिडवायचे, पण त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

एक्कावन्नच्या नोव्हेंबरात त्याच्याच घरामागे झरा फुटला. देल्फिना काकूने बोचकं बांधलं होतं. आमच्या बैलगाडीत मी तिच्यासाठी जागा धरून बसले होते. काका पेला घेऊन आला.

"बघ, कसं नितळ आहे. कुठं निघालीस थंडीची? मक्याचा पोलेंटा चढव, दुपारी जेवायला येतो."

"नक्की ना?"

"मी सांगतोय ना."

काकूने बोचकं सोडलं. आम्ही निघालो, काका बांधाच्या पुढच्या टप्प्यावर गेला. अकराच्या सुमारास त्याच्या घरामागेच बांध फुटला. काकू तिसऱ्या दिवशी सापडली, तुतीच्या झाडाला अडकलेली.

लोक म्हणाले, नदीपुढे कुणाचं चालतं? काका पुन्हा पहाऱ्यावर गेला. पुढे मीही बांधावर जाऊ लागले. एका पुरात मी कड्यातलं वरचंच पाणी पेल्यात भरून घेतलं, तर त्याने माझं मनगट धरलं.

"त्या दिवशी मीही वरचंच घेतलं होतं. कड्यात गाळ खाली बसतो, वरचं नितळच दिसतं. माहीत होतं मला. हात गारठले होते गं, एवढंच."

मला त्याचा भयंकर राग आला. तो कधीच पुरता गेला नाही. तरी शेवटच्या आजारपणात त्याचं सगळं मीच केलं.

एका सकाळी त्याला पाणी दिलं. त्याने पेला खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"खालचं घेतलंस ना?"

पाणी नळाचं होतं.

"हो काका," मी म्हणाले, "झऱ्याच्या तोंडाशी हात घालून घेतलंय."

तेव्हा कुठे तो प्यायला.