चौघांचा खेळ आणि घरातला अबोला

बाबांच्या दफनविधीला आलेल्या निम्म्या लोकांनी तरी आमच्याकडे जरा रागानंच बघितलं. कब्रस्तानाच्या फाटकाशी बाबांचे शाळेतले एक जुने सहकारी माझ्या भावाला, अमोलला, तोंडावर म्हणाले, "या वयात, नगरच्या या उन्हात, कसले खेळ खेळायला लावता रे माणसाला?" बातमीच तशी पसरली होती, की सर खेळता खेळता गेले. खरं तर त्या आठवड्यात आम्ही कोर्टवर पाऊलही टाकलं नव्हतं. बाबा कोसळले ते घरी, स्वयंपाकघरात, कुकरखालचा गॅस बंद करता करता. पण अमोल मान खाली घालून उभा राहिला. माझी जीभ तिखट आहे, मी एरवी सोडलं नसतं. त्या दिवशी मात्र सोडलं. म्हणून आता, जरा दिवस गेल्यावर, सांगते. तो खेळ नसता तर माझे आईबाबा एकमेकांशी एक अक्षर न बोलता एकमेकांपासून कायमचे दूर झाले असते. खेळ असूनही काय झालं, ते पुढे येईलच...

आमच्या घरात सहा वर्षं अबोला होता. हे बाहेर फारसं कुणाला माहीत नाही, आणि आईला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिही. आता लपवायचं कुणापासून?" आई शाळेत मराठी शिकवते. त्या वर्षी दहावीच्या परीक्षेला तिची सुपरव्हिजन होती. माझी पारनेरची आजी, म्हणजे आईची आई, बरेच दिवस अंथरुणाला होती. भर दुपारी मामाचा घरच्या फोनवर फोन आला, "आईचं काही खरं न्हाई, सुमीला घिऊन लगेच निघा." फोन बाबांनी घेतला. शाळा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. पण बाबांनी विचार केला, पेपर सुटू दे, ती घरी येऊ दे, दोन घास खाऊ दे, मग सांगू. एकदा तिकडे पोहोचलं की पोटात काही जायचं नाही. आई आली. बाबांनी स्वतः ताट वाढलं. वर्गातल्या कुठल्या पोराने कॉपीची चिठ्ठी कशी गिळली, याचा किस्सा तिने हसत हसत सांगितला. जेवण झाल्यावर बाबांनी फोनचं सांगितलं. पारनेरला पोहोचले तेव्हा आजी गेलेली होती. मामी रडता रडता बोलून गेली, "दुपारभर सुमी सुमी करत हुत्या वो..."

"ती माझं नाव घेत होती आणि मी भेंडीची भाजी खात होते," आई मला एकदाच म्हणाली. त्यानंतर ती बाबांशी बोलायची थांबली. भांडण नाही, आदळआपट नाही. चहा वेळेवर, डबा वेळेवर, इस्त्रीचे कपडे खुंटीला. फक्त बोलणं नाही. बाबा समोर बसलेले असायचे आणि आई मला म्हणायची, "विचार त्यांना, चहा घेणार का." बाबा माझ्याकडे बघून उत्तर द्यायचे, "अर्धा कप." अमोल आणि मी, दोघं कमावती माणसं, घरातल्या घरात निरोप्याचं काम करायचो. चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर बसायची, गीतांचं एकच पुस्तक दोन टोकांनी धरून गायची, त्यामुळे कुणाला संशयही आला नाही. मला मात्र कधी कधी दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटायची. मी बाबांना म्हणायचे, "एकदा चुकलो म्हणा ना, काय जातंय?" ते शांतपणे म्हणायचे, "पण मी चुकलो कुठे, स्मिता? उपाशी माणसाला मी मयताच्या घरी कसा नेणार होतो?" विज्ञान शिकवलेला माणूस, त्याला कारण दिलं की काम झालं असं वाटायचं.

पॅडलचं खूळ अमोलने पुण्याहून आणलं. तो नोकरीसाठी तिकडे राहतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. त्याच सुमाराला मनमाड रस्त्याला एका लॉन्सवाल्याने लग्नाचा मांडव पडायचा त्या जागेत असं कोर्ट बांधलं. टेनिसचा हा धाकटा भाऊच म्हणायचा. दोन्ही टोकांना काचेच्या भिंती, बाकी बाजूंना जाळी, हातात भोकं पाडलेली आखूड बॅट, आणि टप्पा पडून बॉल मागच्या काचेवर आपटला तरी खेळ चालूच. मुख्य म्हणजे हा खेळ दोघांविरुद्ध दोघांनी खेळायचा. आम्ही घरात बरोबर चौघं. अमोलच्या डोक्यात काय शिजतंय ते मला आधी कळलं नव्हतं. आईने बरेच आढेवेढे घेतले, "लोक काय म्हणतील, बाई चळली म्हणतील." मग स्वतःच जाऊन बूट घेऊन आली, पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि तयार झाली. तिथे पोहोचल्यावर अमोलने जाहीर केलं, "आई-बाबा एका बाजूला, आम्ही पोरं एका बाजूला." आई काही बोलली नाही. न बोलण्यात तर ती पटाईत होतीच.

पहिले काही बॉल नुसती फजिती. बॉल दोघांच्या मधोमध आला की दोघं एकमेकांसाठी सोडायची, आणि तो टप्पा खाऊन काचेवर आपटून निवांत खाली पडायचा. मग एकदा दोघंही एकदम धावली आणि बॅटीवर बॅट आदळली. बाबांच्या बोटाला लागलं. शिकवायला होता तो राहुरीकडचा पोरगेला गडी वैतागला. बाहेरून जाळीला तोंड लावून ओरडला, "ओ काका, काकू, बोला की राव! जोडीत बोलायला लागतं. मुक्यानं हा खेळ व्हत न्हाई." मी बॉल टोलवला, तो पुन्हा मधोमध गेला आणि आईचा आवाज आला, "सोडा, माझा आहे." अबोल्याच्या सहा वर्षांपैकी चार वर्षं तोवर उलटली होती. तिने बॉल मारला, तो जाळ्यात अडकला, पण बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते बॅट खाली सोडून आईकडे बघत उभे होते. "काय बघताय? खेळा," आई म्हणाली. तोही शब्द थेट त्यांनाच होता.

मला वाटलं, सुटला तिढा. आम्ही चौघं गाडीत बसलो, लिंबू सरबताच्या गाडीशी थांबलो, आणि आई मागच्या सीटवरून मला म्हणाली, "विचार त्यांना, मीठ चालेल का." कोर्टच्या दाराबाहेर पाऊल पडलं की पुन्हा तेच! पुढे दोन वर्षं हे असंच चाललं. सकाळी ऊन चढायच्या आत, फेब्रुवारी असो की मे, आम्ही शनिवार-रविवार जायचो. मे महिन्यात आठच्या पुढे त्या काचेला हात लावायची सोय नसायची, पायाखालची प्लॅस्टिकची हिरवळ आणि तिच्यावरची वाळू बुटाच्या तळव्यातून भाजायची. डोळ्यांत घाम उतरायचा. मी थांबू या म्हणायचे तर दोघं ऐकायची नाहीत. "अजून एक गेम," बाबा म्हणायचे. "चला, त्यांची हौस होऊ दे," आई म्हणायची, म्हणजे आमची, पोरांची. खरं कारण सगळ्यांना कळत होतं. आत आहोत तोवरच "घ्या", "सोडा", "मागे जा", "वा, काय मारलात!" हे चालायचं. बाबांचा नेम भयंकर अचूक होता, पण आईने "वा" म्हटलं की पुढचा बॉल ते हमखास बाहेर घालवायचे. अमोल कुजबुजायचा, "बघ, लाजले." आम्ही हसायचो. पण घरी परतताना, एवढं जवळ येऊनही ही माणसं तिथेच कशी अडकतात, याचा राग यायचा, आणि यांच्याकडे वेळ तरी किती आहे, ही भीती.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. गेल्या उन्हाळ्यातला. अमोल आणि मी पाण्याच्या बाटल्या भरायला बाहेर गेलो होतो. आईबाबा आत, काचेला लावलेल्या हिरव्या जाळीच्या सावलीत बसले होते. मी परत येताना दारातच थबकले, कारण बाबा म्हणत होते, "सुमन, त्या दिवशी मी..." एवढंच. कोर्टच्या आत, जिथे ती त्यांच्याशी बोलते तिथेच त्यांनी ते काढलं होतं, किती दिवस मनाची तयारी करून काढलं असेल कोण जाणे. आई उठली, बॅट उचलली. "ऊन चढतंय. सर्व्हिस करा," म्हणाली. बाबा उठले, त्यांनी सर्व्हिस केली. ती जाळ्यात गेली, दुसरीही गेली. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढल्याचं मला तरी माहीत नाही. आईचा मला त्या दिवशी जितका संताप आला, तितका आयुष्यात कधी आला नव्हता. आणि तिचा चेहरा बघून तितकीच कीवही आली.

मग तो एप्रिलमधला दिवस. मी काम करते त्या बँकेला सुट्टी होती, आई शाळेत परीक्षेच्या कामावर. बाबा पडले, मी शेजाऱ्यांना बोलावलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आत घेतलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं, आता फार वेळ नाही. मी पुण्याला अमोलला फोन लावला. तो धावतपळत गाडीकडे निघाला होता. दम लागलेल्या आवाजात म्हणाला, "आईला लगेच नको सांगू. तिचा पेपर सुटू दे, काहीतरी खाऊ दे, मग..." आणि बोलता बोलता स्वतःच थांबला. तो पोरगा बाबांवर प्रेम करणारा, आईवरही, आणि त्याच्या तोंडून अगदी तेच निघालं होतं. त्या क्षणी मला बाबा पहिल्यांदा समजले. मी फोन ठेवला आणि शाळेच्या ऑफिसात लावला. आई वर्गातून तशीच निघाली, हाताला खडू लागलेला, रिक्षाने आली.

ती यायच्या थोडं आधी सिस्टरने माझ्या हातात एक प्लॅस्टिकची पिशवी दिली होती. "पेशंटचं सामान हाय ताई, सांभाळा." आत घड्याळ, अंगठी आणि कानाचं मशीन. गेल्या वर्षभरात बाबांना ऐकायला बरंच कमी येत होतं, मशीन काढलं की कानाशी ओरडल्याशिवाय कळायचं नाही. आई आली, माझ्याकडे न बघता आत गेली, पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली. दाराच्या चौकोनी काचेतून मला दिसत होतं. बाबांचे डोळे मिटलेले. मग तिचे ओठ हलायला लागले. ती बोलत होती. एक-दोन शब्द नाही, भरभरून, हातवारे करत, मध्येच पदर तोंडाला लावून, पुन्हा बोलत. सहा वर्षांचं बोलत होती. आणि मशीन माझ्या हातात! आत जाऊन ते बाबांच्या कानात घालावं, असं मनात शंभरदा आलं. पण दार ढकललं असतं तर ती गप्प झाली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी बाहेरच उभी राहिले. संध्याकाळी बाबा गेले.

त्यानंतर आई मला अधूनमधून विचारायला लागली. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, सहज विचारल्यासारखं. "डॉक्टर काय म्हणाले गं, अशा वेळी माणसाला ऐकू येतं ना?" मी म्हणायचे, "येतं आई. ऐकायचं सगळ्यात शेवटी जातं म्हणतात." पिशवी माझ्या कपाटात साड्यांखाली होती. दर वेळी खोटं बोलून झालं की मला बाबांचा चेहरा दिसायचा, ताट वाढतानाचा. तिला त्रास नको म्हणून तेव्हा त्यांनी दडवलं, आता मी दडवत होते. या घरात पुन्हा तेच नको, असं ठरवून गेल्या रविवारी चर्चमधून आल्यावर मी मशीन तिच्यासमोर ठेवलं.

"आई, त्या दिवशी हे बाबांच्या कानात नव्हतं. तू यायच्या आधीच काढलं होतं. मी तुला खोटं सांगत आले."

तिने ते हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. "मला माहितीय," ती म्हणाली. "कान रिकामा दिसला मला. म्हणून तर बोलता आलं. ते ऐकतायत असं वाटलं असतं, तर माझं तोंड उघडलं नसतं."

मी विचारलं, "मग सारखं विचारत का होतीस, ऐकू येतं का म्हणून?"

"आता वाटतं ना, ऐकलं असतं तर बरं झालं असतं..." तिचा आवाज बदलला, पारनेरचा झाला, "लई वाटतं गं."

मशीन बंद राहावं म्हणून सिस्टरने त्याच्या बॅटरीचं झाकण उघडं करून दिलं होतं. आईने ते अंगठ्याने दाबून लावलं आणि मशीन मुठीत धरलं. मुठीत धरलं की ते बारीक शिट्टी वाजवतं, तसं वाजायला लागलं. बाबा रात्री ते काढून ठेवायचे तेव्हा घरभर ऐकू यायची ती शिट्टी.

"त्यांनी एक दुपार उशीर केला," आई म्हणाली. "मी बघ किती केला."

शिट्टी वाजत राहिली. मी तिला बंद कर म्हटलं नाही, आणि तिने मूठ उघडली नाही.